शेरीफच्या दप्तरातली ‘वॉन्टेड’ पत्रके : सूचीकामाच्या प्रकल्प नोंदी

कामाचा आवाका : अमेरिकेत कॅन्सस राज्याच्या आग्नेय भागातल्या एका ग्रामीण काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) शेरीफ कचेरीतून आलेली पाच खोकी. काळ साधारण १८७० ते १९३५. स्कॅनिंग, लिप्यंतर आणि मराठीतून वर्णनसूची, ही तीन कामे.

५ फेब्रुवारी २०२४

खोकी उघडून मोजणी केली. पहिल्यात सुटी वॉन्टेड कार्डे ४१२, बहुतेक पोस्टकार्डाच्या आकाराची. दुसऱ्यात एक जुनी हिशेबवही, तिच्या ९६ पानांवर पत्रके डकवलेली. तिसऱ्यात तुरुंगाच्या दोन नोंदवह्या. चौथ्यात शेरीफने पाठवलेल्या पत्रांची नक्कलवही. पाचव्यात वॉरंट आणि समन्स, तिघडी घालून फितीने बांधलेले २७ गठ्ठे.

शब्दांचे आधी ठरवून घेतले. ‘शेरीफ’ला ‘नगरपाल’ लिहायचे नाही. मुंबईचे नगरपालपद मानाचे आणि समारंभापुरते. कॅन्ससचा शेरीफ मतदारांनी निवडून दिलेला असतो, काउंटीचा तुरुंग तोच सांभाळतो आणि कोर्टाचे हुकूम घेऊन घोड्यावरून तोच फिरतो. ‘वॉन्टेड’ला ‘पाहिजे’ म्हटले की मराठी वाचकाला शिपाई नाहीतर भाडेकरू पाहिजे असल्याची जाहिरात आठवते, म्हणून ‘वॉन्टेड पत्रक’च ठेवले. वर्णनाच्या रकान्याला मात्र ‘हुलिया’ हा आपल्याकडचा पोलिसी शब्द नेमका बसतो.

८ फेब्रुवारी

खोके ५ मध्ये तळाच्या चार गठ्ठ्यांना बुरशी. ते वेगळे काढून कोरड्या खोलीत पसरले, आर्द्रता ४५ टक्क्यांच्या खाली ठेवली. बुरशी ओली असताना ब्रश फिरवला तर ती कागदात आणखी घुसते. वाळून भुकटी झाल्यावर मऊ ब्रशने झाडायची आणि हेपा गाळणीच्या व्हॅक्यूमची नळी शेजारी धरायची. मास्क एन-९५.

गंजलेल्या टाचण्या ओढून काढायच्या नाहीत. कागदाच्या दोन्ही बाजूंनी पॉलिएस्टरची पातळ पट्टी टाचणीखाली सरकवायची, मग टाचणी पट्टीवरून घसरते आणि कागदाला ओरखडा जात नाही. रबरबँड वितळून चिकटले आहेत. सुटेल तेवढेच काढले, तपकिरी डाग तसेच राहू दिले. सेलोटेपलाही हात लावला नाही. डिंक पिवळा पडून कागदात मुरला आहे, उपटला तर अक्षरेही निघतील. ते संवर्धकाचे काम.

१२ फेब्रुवारी

तिघडी कागद सरळ करायची रीत : झाकणाच्या प्लास्टिक टबात तळाला ओला टिपकागद, त्यावर जाळी, जाळीवर कागद. झाकण लावून दोन ते चार तास. कागद मऊ झाला की कोरड्या टिपकागदांत घालून वजनाखाली २४ तास. त्याआधी शाईची चाचणी : कोपऱ्यातल्या एखाद्या ठिपक्यावर किंचित दमट कापूस टेकवून रंग उतरतो का ते पाहायचे. जांभळी अॅनिलीन शाई उतरली. तो कागद टबात गेला असता तर सगळे अक्षर गुलाबी पाण्यात गेले असते.

नक्कलवही याच कारणाने टबापासून लांब. तिची पद्धत अशी होती : ताज्या पत्रावर ओलसर टिशू ठेवून प्रेसमध्ये दाबायचे. शाईचा काही अंश टिशूवर उलटा उमटतो आणि टिशू पातळ असल्याने मागच्या बाजूने तो सुलटा वाचता येतो. म्हणजे वहीचे प्रत्येक पान मुळातच पाण्याने केलेले, आणि पाण्यानेच बिघडणारे.

१९ फेब्रुवारी

स्कॅनचे प्रमाण ठरले. वॉरंट आणि नोंदवह्या ४०० पीपीआय (इंचामागे पिक्सेल), फोटो असलेली कार्डे ६००. टिफ, २४ बिट रंग, दोन्ही बाजू, प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला रंगपट्टी. साडेतीन बाय साडेपाच इंचाचे कार्ड ६०० पीपीआयला २१०० बाय ३३०० पिक्सेल होते, एका बाजूची फाइल साधारण २१ एमबी. ४१२ कार्डांच्या ८२४ बाजू म्हणजे १७ जीबीच्या आसपास. तीन ठिकाणी प्रती ठेवल्या तरी फार नाही, तेव्हा जागा वाचवण्यासाठी जेपीईजी करायचा विषय बंद.

कोऱ्या दिसणाऱ्या पाठीही स्कॅन करायच्या. पोस्टाचा शिक्का, तिकिटाची किंमत आणि शेरीफने पेन्सिलने खरडलेले दोन शब्द पाठीवरच असतात. तारीख ठरवायला समोरच्या छापील मजकुरापेक्षा त्यांचाच जास्त उपयोग होतो.

फाइलचे नाव : खोके, क्रमांक, बाजू. उदा. ख१-०१४-अ, ख१-०१४-आ. डकवलेल्या पत्रकाखाली दुसरे पत्रक असेल आणि वरचे उचलता येत असेल तर मिटलेली आणि उघडलेली अशा दोन्ही अवस्था, नावापुढे १ आणि २. स्कॅन झाला की लगेच एसएचए-२५६ चेकसम (फाइल बदलली का ते दाखवणारा आकडा) काढून यादीत.

२१ फेब्रुवारी

छापील फोटोंवर मोआरेची जाळी उठते आहे. हाफटोन छपाईतले ठिपके आणि स्कॅनरचे पिक्सेल यांची टक्कर होते, त्यामुळे. स्कॅनरमधले ‘डीस्क्रीन’ चालू केले की जाळी जाते, पण त्याबरोबर गालावरचा व्रणही पुसट होतो, आणि व्रण हीच तर ओळखीची खूण. मास्टर प्रतीवर डीस्क्रीन नाही. पाहण्याच्या प्रतीवर हवे तर करावे.

नक्कलवहीच्या प्रत्येक पानामागे पांढरा कागद घालून स्कॅन. न घातल्यास पुढच्या तीन पानांची अक्षरे एकमेकांत मिसळून दिसतात.

२६ फेब्रुवारी

तारीख नसलेल्या कार्डांसाठी टपालाचे कोष्टक केले.

अमेरिकेत सरकारी एक सेंटचे पोस्टकार्ड मे १८७३ मध्ये निघाले, त्यामुळे त्याआधीचे वॉन्टेड ‘कार्ड’ असण्याचा संभव फार कमी, बहुधा हस्तपत्रक असेल. खासगी छापाच्या कार्डावर पत्त्याच्या बाजूला मजकूर लिहायची मुभा १ मार्च १९०७ पासून. पाठ मधोमध रेषेने दुभागलेली असेल तर कार्ड त्यानंतरचे. दोन सेंटचा दर २ नोव्हेंबर १९१७ ते ३० जून १९१९, पहिल्या महायुद्धातली वाढ. खासगी कार्डांना तोच दर १९२५ ते १९२८ मध्ये पुन्हा होता. आपल्याकडच्या नऊ कार्डांवर दोन सेंट आहेत आणि छपाई १९३० पूर्वीची दिसते, म्हणून ती सगळी या दोनपैकी एका काळातली धरली.

वॉशिंग्टनच्या केंद्रीय तपाससंस्थेकडून (आजची एफबीआय) आलेल्या पत्रकांना संस्थेच्या नावावरून तारीख देता येते. नुसते ‘ब्युरो ऑफ इन्व्हेस्टिगेशन’ असेल तर १९३२ च्या मध्यापूर्वीचे. ‘युनायटेड स्टेट्स’ जोडलेले असेल तर जुलै १९३२ नंतरचे. ‘डिव्हिजन ऑफ इन्व्हेस्टिगेशन’ ऑगस्ट १९३३ पासून. ‘फेडरल ब्युरो’ हे नाव १ जुलै १९३५ पासून, म्हणजे आपल्या खोक्यांच्या अगदी काठावर. या संस्थेची ‘आयडेंटिफिकेशन ऑर्डर’ ही वॉन्टेड पत्रकांची मालिका १९१९ मध्ये सुरू झाली. चौकोनी, आठ बाय आठ इंच. पोस्टकार्डाच्या पाकिटात ती मावत नाही, वेगळी पाकिटे मागवली.

४ मार्च

नोंदीचा आराखडा खऱ्या पत्रकावर घासून पाहायचा होता. त्यासाठी याच भागातले सर्वांत गाजलेले पत्रक घेतले. ते आपल्या खोक्यांत नाही, पण त्याचा मजकूर सर्वत्र छापलेला आहे.

लाबेट काउंटी, कॅन्सस. रस्त्याकाठी बेंडर नावाच्या कुटुंबाची खानावळवजा झोपडी. येणारेजाणारे प्रवासी तिथून नाहीसे होत. मार्च १८७३ मध्ये डॉ. विल्यम यॉर्क बेपत्ता झाले. त्यांचे भाऊ अलेक्झांडर यॉर्क राज्याच्या सिनेटचे सदस्य, त्यामुळे शोध जोरात झाला. मे महिन्यात झोपडीजवळच्या जमिनीत पुरलेली प्रेते सापडली, तोवर कुटुंब पसार झाले होते. १७ मे १८७३ रोजी गव्हर्नर थॉमस ऑस्बर्न यांनी जाहीरनामा काढला : चौघांपैकी प्रत्येकासाठी ५०० डॉलर, एकूण २०००.

जाहीरनाम्यातला हुलिया असा : म्हातारा बेंडर सुमारे साठीचा, उंची पाच फूट आठ-नऊ इंच, जर्मन, इंग्रजी जेमतेम, दाढी नाही, अंगाने रोड. त्याची बायको पन्नाशीची, अंगाने भरलेली, डोळे निळे. धाकटा जॉन सुमारे २७ वर्षांचा, बारीक बांधा, फिकट मिशी. केट सुमारे २४, काळे केस, काळे डोळे, दिसायला चांगली, वागण्यात जराशी धीट, बोलण्यात तरबेज, जर्मन हेल अगदी थोडा.

आराखड्यात तीन ठिकाणी अडकले.

उंची. ‘आठ किंवा नऊ इंच’ ही एकच संख्या नाही. एका रकान्याचे दोन केले : किमान १७२.७ सेंमी, कमाल १७५.३ सेंमी. मूळ शब्द तिसऱ्या रकान्यात, जसेच्या तसे.

वय. ‘सुमारे २४’ वरून जन्मवर्ष १८४९ असे ठोकून द्यायचे नाही. पत्रकाची तारीख आणि सांगितलेले वय एवढेच नोंदवायचे.

वर्ण. म्हाताऱ्याला ‘डार्क कॉम्प्लेक्शन’ म्हटले आहे. त्याचा अर्थ वंशाने काळा असा नाही. गोऱ्यांमध्येही केस आणि कातडी जराशी गडद असली की त्या काळी हाच शब्द वापरत. भाषांतर करताना हात आपोआप ‘सावळा’, ‘गव्हाळ’, ‘निमगोरा’ याकडे जातो, कारण आपल्या वर्तमानपत्रांतल्या ‘हरवला आहे’ मध्ये ‘रंग निमगोरा, बांधा सडपातळ, चेहरा उभट, नाक सरळ’ वाचतच आपण मोठे झालो. पण तो आपला मोजपट्टा, कॅन्ससचा नव्हे. मूळ शब्द देवनागरीत, अर्थ टिपेत. वंशवाचक शिव्यांनाही हीच रीत : लिप्यंतरात जशाच्या तशा, वर्णनसूचीत नाहीत.

दाढीमिशीचा घोळ निराळा. ‘मुस्टॅश, नो व्हिस्कर्स’ म्हणजे मिशी आहे, पण कल्ले किंवा दाढी नाही. पहिल्या लिप्यंतरात याचे ‘मिशी आहे, मिशी नाही’ झाले होते.

६ मार्च

बेंडर पत्रकाच्या ‘निकाल’ रकान्यात काय लिहायचे? चौघांचा ठाम माग कधीच लागला नाही. पण १८८९ मध्ये मिशिगनमधून दोन स्त्रियांना पकडून ओस्विगोला, म्हणजे लाबेटच्या मुख्य गावी आणले, त्या मायलेकी बेंडर आहेत असे म्हणून. अखेर पुरावा टिकला नाही आणि सुटका झाली. सोळा वर्षे उलटल्यावर ‘अंगाने भरलेली, डोळे निळे’ ही ओळ किती बायकांना लागू पडेल? हुलिया जितका ढोबळ, तितका तो चुकीच्या माणसावर बसण्याचा संभव जास्त. म्हणून प्रत्येक पत्रकाला ‘हुलियाची जात’ हा रकाना जोडला : शब्द, फोटो, शरीराची मापे, बोटांचे ठसे. एकापेक्षा जास्त असतील तर सगळे. याच रकान्यावरून पत्रक किती भरवशाचे ते कळेल, आणि बहुतेक वेळा दशकही कळेल.

१३ मार्च

घोडेचोरीची कार्डे, ६१. माणसाचा हुलिया दोन ओळींत, घोड्याचा आठ ओळींत. रंग, कपाळावरचा चट्टा, कोणत्या खुरावर पांढरे, डागणीची खूण खांद्यावर की मांडीवर, नाल नवे की झिजलेले, चालताना कोणता पाय टाकतो. हे योग्यच होते. चोर टोपी बदलतो, घोड्याला डागणी बदलता येत नाही.

उंचीची चूक इथे हमखास होते. घोड्याची उंची ‘हँड’मध्ये, एक हँड म्हणजे चार इंच. ‘१५.२’ हा दशांश नाही, १५ हँड आणि २ इंच, म्हणजे ६२ इंच, १५७.५ सेंमी. स्प्रेडशीटने तो १५.२ गुणिले चार धरून ६०.८ इंच काढला होता. टिंबानंतर ४ किंवा त्याहून मोठा अंक आला तर वाचनच चुकले आहे असे समजायचे. तपासणीचा नियम घातला, सात नोंदी लाल झाल्या. पाच टंकलेखनाच्या चुका, दोन ठिकाणी मुळातच गोंधळ.

यातली बरीच कार्डे शेरीफची नव्हेत, अँटी हॉर्स थीफ असोसिएशनच्या स्थानिक शाखांची. ही शेतकऱ्यांची संघटना मिसुरीत १८५० च्या दशकात निघाली आणि कॅन्ससमध्ये फोफावली. ‘प्रकाशक’ रकान्यात ते वेगळे दाखवले. सरकारी पत्रक आणि खासगी पत्रक यांत अधिकाराचा फरक आहे.

२० मार्च

लिप्यंतराची पद्धत : दोघांनी स्वतंत्र टंकन करायचे, फाइली यंत्राने ताडायच्या, फरक तिसऱ्याने मूळ प्रतिमेवर पाहून मिटवायचा. ओसीआर (प्रतिमेतली अक्षरे यंत्राने वाचणे) छापील पत्रकांवर ठीक चालते, नोंदवहीच्या हस्ताक्षरापुढे मात्र काहीबाही शब्द देते.

दोघांनी एकसारखीच चूक केली तर ताडणीत सापडत नाही. तशा तीन सापडल्या, तिन्ही कोर्टाच्या भाषेमुळे.

‘कमिटेड’ : तुरुंगाच्या वहीत याचा अर्थ ‘गुन्हा केला’ नव्हे, ‘कोठडीत घातले’. त्या रकान्यातली तारीख गुन्ह्याची नाही. पहिल्या वहीतल्या सगळ्या तारखा चुकीच्या रकान्यात गेल्या होत्या, परत हलवल्या.

‘एलियास’ : कार्डावर हा शब्द टोपणनावाआधी येतो. पण वॉरंटच्या माथ्यावर ‘एलियास’ असेल तर ते दुसऱ्यांदा काढलेले वॉरंट, कारण पहिले बजावता आले नाही. तिसऱ्यांदा काढले की ‘प्लुरीज’. टोपणनावांच्या यादीत ‘वॉरंट’ नावाचा माणूस अकरा वेळा आला, तेव्हा हे लक्षात आले.

‘अल्ट.’ आणि ‘इन्स्ट.’ : गेल्या महिन्यातली आणि चालू महिन्यातली तारीख. ‘२८ अल्ट.’ हे पत्र ३ मार्चचे असेल तर घटना २८ फेब्रुवारीची. पत्राची तारीख न पाहता हे सोडवता येत नाही.

आणि वॉरंटच्या पाठीवर तीन अक्षरे : एन. ई. आय. लॅटिन ‘नॉन एस्ट इन्व्हेंटस’, माणूस सापडला नाही. बरोबर मैलांचा आकडा, कारण शेरीफची फी मैलांवर मिळे. हा आकडा फार कामाचा. एका वॉरंटवर चार मैल, त्याच माणसाच्या एलियास वॉरंटवर ३८. शोध कुठवर गेला त्याचा नकाशाच.

२७ मार्च

दारू. तुरुंगाच्या वह्यांत १८८१ नंतर दारूविषयक नोंदींची रीघ लागते, आणि सुरुवातीला ती लिप्यंतराची चूक वाटली. चूक नाही. कॅन्ससची राज्यघटनेतली दारूबंदी १ मे १८८१ पासून लागू झाली आणि १९४८ पर्यंत टिकली, देशभरातल्या बंदीच्या आधी आणि नंतरही. वॉन्टेड पत्रकांत मात्र दारूवाला क्वचित दिसतो. घरचाच आरोपी, त्याच्यासाठी टपालखर्च कोण करणार? नुसत्या पत्रकांवरून काउंटीतल्या गुन्हेगारीचे चित्र काढले तर घोडेचोर आणि पुढे मोटारचोर यांचाच बाजार दिसेल.

मोटारचोरांची कार्डे १९१९ नंतर वाढतात. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये डायर कायदा आला आणि चोरीची गाडी राज्याच्या हद्दीपार नेणे केंद्राचा गुन्हा ठरले. कार्डावरचा ‘मोटर नंबर’ हा इंजिनाचा क्रमांक. त्याला आजचा १७ अक्षरी वाहन क्रमांक समजून रकान्याची लांबी ठेवू नये, आपण ठेवली होती.

३ एप्रिल

बर्टियाँ कार्डे, ३४. पॅरिसच्या आल्फोन्स बर्टियाँची मापनपद्धत अमेरिकेत १८८७ मध्ये इलिनॉयच्या जोलिएट तुरुंगात आर. डब्ल्यू. मॅक्लॉग्री यांनी सुरू केली. ग्रामीण शेरीफकडे मापायची साधने नसत. मापे तुरुंगात घेतलेली असत, कैदी पळाला की कार्डावर छापून येत. म्हणजे कार्डावर बर्टियाँ मापे असली तर माणूस आधी कुठेतरी आत होता.

मापांचा क्रम ठरलेला : उंची, पसरलेल्या हातांची लांबी, बसलेली उंची, डोक्याची लांबी, डोक्याची रुंदी, गालांची रुंदी, उजवा कान, डावा पाय, डावे मधले बोट, डावी करंगळी, डाव्या हाताचे कोपरापासून पुढचे माप. डावी बाजू घ्यायचे कारण असे की कामाने उजवी बाजू जास्त बदलते. सगळी मापे सेंटिमीटरमध्ये, आणि उंचीतला पहिला मीटर गाळायची सवय : ‘७५.३’ म्हणजे १७५.३ सेंमी. एका टंककाने याचे ७५.३ इंच धरले आणि सव्वासहा फुटी माणूस तयार केला. कार्डावर खाली फुटांतही उंची दिली होती, पाच फूट नऊ. दोन्ही आकडे असतील तर एकाने दुसरा तपासायचा.

काही कार्डांवर नुसतीच आद्याक्षरे आणि आकडे, ‘मिड एफ’, ‘लिट एफ’, ‘फोर ए’. त्यांचा उलगडा करणारा तक्ता भिंतीवर लावला.

१७ एप्रिल

बोटांच्या ठशांची सूत्रे. या कार्डांचा मूळ धागा आपल्या देशात येतो. एडवर्ड हेन्री यांच्या नावाने चालणारी वर्गीकरण पद्धत बंगाल पोलिसांत उभी राहिली. तिचे गणित बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता, आणि १८९७ मध्ये कलकत्त्यात ठसे कार्यालय सुरू झाले. लेव्हनवर्थच्या तुरुंगात, म्हणजे याच कॅन्ससमध्ये, ठसे घेणे १९०४ मध्ये सुरू झाले. १ जुलै १९२४ ला वॉशिंग्टनमध्ये केंद्रीय विभाग निघाला तेव्हा त्याच्याकडे ८,१०,१८८ ठसेपत्रे जमली होती.

कार्डावर हे सूत्र अपूर्णांकासारखे छापतात. वरचा भाग आणि खालचा भाग कसा बनतो ते माहीत असेल तर चुकीचे वाचन पकडता येते.

बोटांना क्रमांक : उजवा अंगठा १, उजवी तर्जनी २, असे करंगळीपर्यंत ५. डावा अंगठा ६, डावी तर्जनी ७, करंगळी १०. चक्राचा (रेषा गोल फिरलेल्या) ठसा असेल तरच गुण : बोट १ आणि २ ला १६, ३ आणि ४ ला ८, ५ आणि ६ ला ४, ७ आणि ८ ला २, ९ आणि १० ला १. सम बोटांची बेरीज अधिक १ वर, विषम बोटांची बेरीज अधिक १ खाली. उदाहरण : बोट १, २ आणि ७ वर चक्र. वर १६ अधिक १, म्हणजे १७. खाली १६ अधिक २ अधिक १, म्हणजे १९. एकही चक्र नसेल तर १ छेद १, दहाही असतील तर ३२ छेद ३२. एकूण १,०२४ खाने.

अंकांपुढचे मोठे अक्षर तर्जनीचा आकार सांगते, वर उजव्या तर्जनीचा, खाली डाव्या तर्जनीचा. डब्ल्यू म्हणजे चक्र, यू आणि आर म्हणजे दोन दिशांचे फास, ए आणि टी म्हणजे कमानी. तपासणी इथेच मिळते. वरचा अंक १७ किंवा जास्त असेल तर उजव्या तर्जनीवर चक्र असलेच पाहिजे, म्हणून अक्षर डब्ल्यूच. खालच्या अंकातून १ वजा केल्यावर उरलेल्यात २ चा वाटा असेल तर डावी तर्जनीही चक्राची, तिथेही डब्ल्यू.

ख१-२८८ वर दोघांनी ‘१७ आर’ वाचले. अशक्य. १७ असेल तर आर नाही, आर असेल तर १७ नाही. १२०० पीपीआयला पुन्हा स्कॅन केले. सातच्या आडव्या रेघेसारखी दिसत होती ती शाईची कूस निघाली, अंक ११. अकरा म्हणजे १० अधिक १, आठ आणि दोन, बोट ४ आणि ८. तर्जनी मोकळी, आर चालतो. हा नियम सगळ्या सूत्रांवर चालवला. ७३ सूत्रांपैकी सहा बाद झाली. चार वाचनाच्या चुका. दोन कार्डांवर छपाईच चुकलेली आहे, ती तशीच ठेवून शेजारी टीप.

२४ एप्रिल

बक्षिसाचा रकाना एकाचे चार केला : रक्कम, कोण देणार, कशासाठी, दिली का. ‘कशासाठी’ सगळ्यात महत्त्वाचे. बेंडर जाहीरनाम्यात अट होती पकडून लाबेटच्या शेरीफच्या ताब्यात देण्याची. पुष्कळ कार्डांवर ‘अटक आणि दोषसिद्धी’, म्हणजे कोर्टात गुन्हा शाबित झाला तरच पैसे. चित्रपटात हटकून दिसणारे ‘जिवंत किंवा मृत’ आपल्या ४१२ कार्डांत एकदाही नाही.

अटीने काय होते याचा धडधडीत दाखला टेक्ससचा. तिथल्या बँकर्स असोसिएशनने १९२७ च्या सुमारास मेलेल्या बँक दरोडेखोराला ५,००० डॉलर जाहीर केले, जिवंताला एक छदामही नाही. भोळ्याभाबड्यांना बँकेच्या दारात उभे करून गोळ्या घालण्याचे उद्योग झाले. १९२८ मध्ये टेक्सस रेंजर फ्रँक हेमर यांनी ते उघडपणे मांडले. रक्कम आणि अट हे रकाने तोडू नयेत ते यासाठी.

‘दिली का’ हे पत्रकावरून कधीच कळत नाही. काउंटी कमिशनर मंडळाच्या इतिवृत्तात मंजूर बिले असतात, तिथे शोधावे लागते. इतिवृत्त काउंटी क्लार्ककडे, मायक्रोफिल्मवर. दोन दिवसांत १४ बक्षिसे सापडली.

८ मे

जोडणी. प्रत्येक पत्रकासाठी चार ठिकाणी शोध : वॉरंट गठ्ठा, तुरुंग वही, जिल्हा न्यायालयाची फौजदारी यादी, लान्सिंगच्या राज्य तुरुंगाची नोंद. नावाच्या स्पेलिंगवर भिस्त ठेवता येत नाही. जर्मन आणि स्वीडिश नावे शेरीफने कानाला ऐकू आली तशी लिहिली आहेत. नावाचा उच्चार, गुन्हा, आणि पत्रकानंतर दोन वर्षांची खिडकी, या तिन्हींपैकी दोन जुळल्यास ‘शक्य’, तिन्ही जुळल्यास ‘जुळले’.

आतापर्यंत : जुळले ११८, शक्य ६४, काहीच नाही २३०. जुळलेल्या ११८ पैकी ३१ जण सुटले : पुरावा नाही, खटला मागे घेतला, किंवा माणूसच दुसरा. पत्रक मात्र कोणी मागे घेतले नाही. ते खिळ्याला लटकत राहिले आणि आता आपल्या हातात आले आहे.

म्हणून सार्वजनिक सूचीचा नियम : निकाल सापडला असेल तर नाव आणि निकाल एकाच ओळीत, वेगळे करता येणार नाहीत असे. निकाल नसेल तर नावाऐवजी पत्रक क्रमांक, प्रतिमा मागितल्यास मिळेल. माणसे गेली, पण आडनावे त्याच गावांत नांदतात. शोधयंत्राला ‘आरोप’ आणि ‘शिक्षा’ यांतला फरक समजत नाही, नाव टाकले की चेहरा आणि ‘चोर’ एवढेच तो दाखवतो. यावर मतभेद झाले, दप्तर तर पहिल्यापासून सार्वजनिकच आहे हा मुद्दा रास्त होता. तरी नियम ठेवला.

२२ मे

सूचीचा पहिला भाग, ख१ पूर्ण, चढवला. चेकसम तिन्ही प्रतींत जुळले. एका प्रतीत दोन फाइली शून्य बाइटच्या निघाल्या, नक्कल करताना केबल सैल झाली होती. पुन्हा नक्कल.

बाकी : नक्कलवहीची १४० पाने, त्यांतली ३० अगदी फिकट. अतिनील दिव्याखाली काहींची अक्षरे उठतात, पण रंग आणखी उडू नये म्हणून एका पानाला दहा सेकंदांपेक्षा जास्त प्रकाश नाही. ख५ मधले बुरशीचे चार गठ्ठे वाळले, जूनमध्ये टबात.

ख१-०९७ ची नोंद आज बंद झाली. १८९० च्या दशकातले कार्ड, घोडी आणि खोगीर चोरल्याबद्दल, २५ डॉलर. पाठीवर पेन्सिलीत फक्त : ‘घोडी मिळाली’. माणसाबद्दल वॉरंटवर एन. ई. आय., नऊ मैल. निकालाच्या रकान्यात घोडीचा निकाल लिहिला, माणसाचा रिकामा.